शेवटच्या पानावरची शिक्षा

कथेच्या शेवटी कोणाचे काय झाले, यावरून लेखकाचा न्याय कळतो, अशी आपली जुनी समजूत आहे. कीर्तनातील आख्यान असो की संगीत नाटक असो, पडदा पडण्यापूर्वी दुष्टाला शासन आणि सुष्टाला सुख मिळाल्यावाचून श्रोत्याला घरी जाववत नसे. प्रौढ वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबरीने हा हिशेब पुष्कळ पूर्वीच सैल केला. कोवळ्या वयाच्या वाचकासाठी लिहिणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या खुर्चीमागे पालक, शिक्षक, ग्रंथपाल आणि धर्मोपदेशक असे चौघेजण उभे असतात. आणि पुस्तकाचा शेवट कसा करावयाचा, हे एकट्या लेखकाच्या हाती राहत नाही.

या चौघांच्या नजरेखाली वाढलेला एक वाङ्मयप्रकार म्हणजे अमेरिकेतील किशोरवयीन प्रेमाची कादंबरी. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, तितक्याच वयाची मुलगी, त्यांचे एकमेकांत गुंतणे आणि त्या गुंतण्यातून उद्भवणारी संकटे एवढाच तिचा विषय. पंडितांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही; सामान्य वाचनालयातील फळीवरचे पुस्तक, एवढीच तिची प्रतिष्ठा. तरीही एखाद्या समाजाने आपल्या मुलींना कोणत्या अपराधासाठी कोणती शिक्षा योजली होती, आणि ती शिक्षा केव्हा व कशी मागे घेतली, याची इतकी स्पष्ट नोंद अन्य वाङ्मयात क्वचितच सापडेल, असे आम्हांस वाटते. त्या नोंदीचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. किशोरवय हे निसर्गाने दिलेले असले, तरी त्या वयाचा स्वतंत्र समाज हा शाळेने निर्माण केला. १९०० साली अमेरिकेत चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ११ टक्केच माध्यमिक शाळेत जात. बाकीची शेतात, गिरणीत वा घरकामात असत. १९४० पर्यंत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर गेले. जी. स्टॅन्ले हॉल या मानसशास्त्रज्ञाने या वयावरचा आपला मोठा द्विखंडात्मक ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध केला होता; पण ग्रंथातील किशोरवय प्रत्यक्षात उतरावयास पुढची चार दशके लागली. एका छपराखाली, एका वयाची, दोन्ही लिंगांची, आणि कमावण्याच्या चिंतेतून काही वर्षांपुरती सुटलेली इतकी मुले त्यापूर्वी कधी एकत्र आली नव्हती. त्यांच्यासाठी वेगळे कपडे, वेगळे संगीत आणि वेगळी मासिके निघाली. ‘सेव्हन्टीन’ हे मुलींचे मासिक सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४२ साली, ज्या पुस्तकापासून हा वाङ्मयप्रकार सुरू झाला असे सामान्यतः मानले जाते, ते प्रसिद्ध झाले होते.

ते पुस्तक म्हणजे मॉरीन डॅली यांची ‘सेव्हन्टीन्थ समर’. लेखिका जन्माने आयरिश. तिचे बालपण विस्कॉन्सिन राज्यातील फाँ द्यू लाक या सरोवरकाठच्या गावी गेले, आणि कादंबरीही त्याच गावी घडते. महाविद्यालयात शिकत असतानाच तिने हे लेखन केले. म्हणजे वर्णिलेले वय तिच्या मागे नुकतेच पडले होते. अँजी मॉरो ही नायिका स्वतःच आपली हकीकत सांगते. बेकरीवाल्याचा मुलगा जॅक तिला शिडाच्या होडीतून फिरावयास नेतो, आणि एका उन्हाळ्यापुरते ते दोघे एकमेकांचे होतात. उन्हाळा संपताच ती शिक्षणासाठी शिकागोला जाते, तो आपल्या कुटुंबाबरोबर दूर निघून जातो. घडते ते एवढेच. पण घराच्या ओसरीवर टेलिफोनची वाट पाहत बसणे, आईच्या चेहऱ्याकडे चोरून पाहणे, पहिल्यांदा घरी जेवावयास आलेल्या मुलाची टेबलावरची वागणूक भावंडांदेखत न्याहाळणे, हे सगळे इतक्या बारकाईने त्या वयाच्या मुलीच्या तोंडून प्रथमच ऐकू आले. अँजीची थोरली बहीण लॉरेन हिचीही एक उपकथा आहे. तिचा मित्र तिला मनात येईल तेव्हा बोलावतो आणि मनात येईल तेव्हा विसरतो. अँजी ते पाहते, आणि वाचक तिच्याबरोबर पाहतो. शेवटी वियोग आहे, परंतु शिक्षा नाही. याचे कारणही उघड आहे: शिक्षा व्हावी असे काही लेखिकेने घडूच दिलेले नाही.

त्यानंतरच्या पंधरा वर्षांत या साच्यातून अनेक कादंबऱ्या निघाल्या. बेटी कॅव्हॅना, रोझमंड द्यू जार्दँ, बेव्हर्ली क्लिअरी या लेखिकांची नावे त्यांत प्रमुख. क्लिअरी यांची ‘फिफ्टीन’ (१९५६) आजही प्रसन्न वाटते. पण या कादंबऱ्यांत नृत्यसमारंभाला कोण बोलावील आणि आपली अंगठी कोण देईल, यापलीकडे चिंता नसते. चुंबन हीच अखेरची सीमा. सोडा फाउंटनच्या दुकानात दोन नळ्या घालून एका पेल्यातून पेय पिणारी ही जोडपी पाहिली म्हणजे ते दशक फार निष्पाप होते, असा समज होतो. पुढे ज्यांनी ज्यांनी ‘पूर्वीची पुस्तके बरी होती’ असे म्हटले, त्यांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र होते.

आता आकडे पाहावेत. कचेरीत आकड्यांचे तक्ते जुळविण्यात आमचा दिवस जातो. त्यामुळे समज आणि तक्ता यांत अंतर दिसले की आमचे पाऊल अडखळते. अमेरिकेत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींतील बाळंतपणांचे प्रमाण सर्वांत अधिक होते ते १९५७ साली: दर हजारी ९६.३. त्यानंतर ते त्या उंचीला कधीच पोचले नाही. २०२२ साली ते दर हजारी १४ च्याही खाली होते. १९५७ मधील या मातांपैकी बहुसंख्य विवाहित होत्या, हे खरे. १९५६ मध्ये अमेरिकन स्त्रियांच्या पहिल्या विवाहाचे मध्यक वय अवघे २०.१ वर्षे होते. परंतु त्यांतील कित्येक विवाह घाईघाईने उरकलेले होते, आणि ती घाई कशामुळे झाली हे शेजारपाजारच्यांना बोटांवर महिने मोजून कळत असे. म्हणजे पुस्तके सर्वांत अधिक सोवळी होती, तेव्हाच त्यांच्या वाचकवर्गात अकाली मातृत्व सर्वांत अधिक होते. पुस्तकांनी मुले बिघडतात असे मानणाऱ्यांनी या आकड्यापुढे क्षणभर थांबावे. मौनाने कोणाचे रक्षण झाले नव्हते. त्याच १९५७ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने तरुण वाचकांच्या सेवेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे.

मौन सुटले ते साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात. आणि सुटले ते शिक्षेसह. ॲन हेड यांची ‘मिस्टर अँड मिसेस बो जो जोन्स’ १९६७ साली आली. सोळा वर्षांची जुलाय आणि सतरा वर्षांचा बो जो यांना एका रात्रीच्या मोहाची किंमत विवाहाने द्यावी लागते. शिक्षण सुटते, दोन्ही घरचे हिरमुसतात, आणि अखेर ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला ते मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मून दगावते. दोनच वर्षांनी पॉल झिंडेल यांची ‘माय डार्लिंग, माय हॅम्बर्गर’ आली. तिच्या नावामागची कथा मार्मिक आहे. मुलगा मर्यादा ओलांडू लागला तर मुलीने काय करावे, या प्रश्नाला शाळेतील शिक्षिका उत्तर देते की, चल हॅम्बर्गर खाऊ या, असे त्याला सुचवावे. वडील माणसांकडून त्या पिढीला मिळालेली शिदोरी ती एवढीच. मग लिझ ही मुलगी गरोदर राहते, बेकायदा गर्भपाताला सामोरी जाते, आणि तिचे प्राणच संकटात येतात. त्या मुलाचे, शॉनचे, पुढचे आयुष्य मात्र ठरल्या मार्गाने चालू राहते.

या दोन्ही लेखकांवर कठोरपणाचा आरोप करणे न्याय्य होणार नाही. त्यांचे मन मुलांच्या बाजूचे होते. ज्याला आम्ही येथे शिक्षा म्हणतो ती त्यांच्या काळी पुष्कळशी वस्तुस्थितीच होती. संततिनियमनाच्या गोळीला तिकडे १९६० मध्ये मान्यता मिळाली, तरी अविवाहितांना अशी साधने पुरविण्यास काही राज्यांत कायद्याने मनाई होती. ती सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९७२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. गर्भपाताचा अधिकार त्याच न्यायालयाने जानेवारी १९७३ मध्ये मान्य केला, आणि जून २०२२ मध्ये काढून घेतला. तेव्हा १९६९ मधील लिझला दुसरा शेवट देण्यासाठी झिंडेलजवळ साधनच नव्हते. कादंबरीचा शेवट लेखकाच्या प्रतिभेतून येतो असे आपण म्हणतो. कधी कधी तो न्यायालयाच्या आणि औषधालयाच्या परवानगीने येतो.

परंतु वस्तुस्थिती बदलली तरी सवय राहते, आणि सवयीलाच पुढे नीती म्हणण्यात येऊ लागते. न्यू जर्सीच्या ज्यूडी ब्लूम या लेखिकेला याची जाणीव तिच्या किशोरवयीन मुलीने करून दिली. आपण वाचतो त्या प्रत्येक गोष्टीत प्रेम करणाऱ्या मुलीवर काही तरी भयंकर कोसळते. दोन चांगली मुले जवळ येतात आणि त्यापायी कोणाला मरावे लागत नाही, अशी एखादी गोष्ट नाही का, असा त्या मुलीचा प्रश्न होता. उत्तर म्हणून ब्लूम यांनी लिहिलेली ‘फॉरेव्हर’ १९७५ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ ‘कायमचे’. पण मूळ नावापुढे तीन टिंबे आहेत, आणि कादंबरीचे सारे मर्म त्या टिंबांत आहे.

कॅथरिन आणि मायकल ही शाळेच्या अखेरच्या वर्षातील मुले. नववर्षाच्या पूर्वसंध्येला एका मेजवानीत त्यांची ओळख होते, प्रेम जमते, आणि ते शरीराच्या जवळिकीपर्यंत जाते. ती जवळीक लेखिकेने आडपडदा न ठेवता, पण शृंगाराच्या भाषेतही न शिरता, सांगितली आहे. तिच्यात गडबड आहे, संकोच आहे, काहीसे हसूही आहे. कॅथरिनची आजी तिला माहितीपत्रके पाठविते. ती स्वतः न्यूयॉर्कमधील दवाखान्यात जाऊन गोळ्या घेते. मायकल तिच्या गळ्यात घालावयास एक पदक देतो, त्यावर ‘कायमचे’ हा शब्द कोरलेला असतो. मग उन्हाळ्यात ती एका शिबिरात टेनिस शिकवावयास जाते. तेथे आजोबांच्या मृत्यूची बातमी येते, दुसरा एक तरुण तिच्या मनात भरतो, आणि मायकलविषयी वाटत होते ते आता वाटत नाही, हे तिला कळून चुकते. ते ती त्याला सांगते. तो दुखावतो. दोघेही जगतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या पुस्तकात संकटे नाहीत असे नाही. सिबिल नावाची मुलगी मूल जन्माला घालून दत्तक देते. आर्टी हा मुलगा आत्महत्येचा प्रयत्न करतो. आयुष्यातील दुःखे ब्लूम यांनी लपविली नाहीत. त्यांनी एवढेच केले, की त्या दुःखांना कॅथरिनच्या प्रेमाची सजा होऊ दिले नाही. आणि बक्षीसही दिले नाही, कारण शेवटी विवाहही नाही. सतरा-अठराव्या वर्षीचे प्रेम खरे असू शकते आणि संपूही शकते, ते संपले म्हणून खोटे ठरत नाही, हा या पुस्तकाचा निष्कर्ष. आम्हांस वाटते, समीक्षकांना लैंगिक वर्णनापेक्षाही हाच निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा होता. पाप केले आणि फळ भोगले, हे समजण्यासारखे असते. प्रेम केले, ते विरले, आणि मुलगी टेनिसची रॅकेट काखेला मारून पुढच्या आयुष्याकडे निघाली, याला कोणत्या रकान्यात घालावे?

रकाना शोधण्याचे काम पुढे तक्रार-अर्जांनी केले. अमेरिकेतील वाचनालयांत एखादे पुस्तक नको असल्यास पुनर्विचाराचा छापील अर्ज भरून द्यावा लागतो. त्यात, आपण हे पुस्तक संपूर्ण वाचले आहे काय, अशा अर्थाचा एक प्रश्न असतो. नस्तीवर शेरे मारण्याचा अनुभव असलेल्या आम्हां कारकुनांना त्या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. लायब्ररी असोसिएशनने १९९० ते १९९९ या दशकात सर्वाधिक हरकती घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तीत ‘फॉरेव्हर’ सातव्या स्थानी आहे. त्याच संघटनेच्या तरुण वाचक विभागाने १९९६ साली याच पुस्तकासाठी ब्लूम यांना मार्गारेट एडवर्ड्स पारितोषिक दिले. एकाच पुस्तकाला एकाच दशकात, एकाच प्रकारच्या इमारतीत, गौरव आणि हद्दपारी दोन्ही लाभावी, हे त्याच्या वादाचे यथार्थ मोजमाप होय.

शिक्षा मागे घेण्याची हीच प्रक्रिया नॅन्सी गार्डन यांच्या ‘ॲनी ऑन माय माइंड’ (१९८२) या कादंबरीने एक पाऊल पुढे नेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयात भेटलेल्या लायझा आणि ॲनी या दोन मुलींचे हे प्रेम. तोवर अशा कथांचा शेवट अपघातात, मृत्यूत वा कायमच्या ताटातुटीत करण्याचा प्रघात होता. येथे मुली परस्परांना पुन्हा गवसतात. नोकरी गमावण्याची शिक्षा त्यांच्या दोन शिक्षिकांना होते, आणि ती अन्यायाची आहे हे वाचकाला स्पष्ट दिसते. १९९३ साली कॅन्सस सिटीत या पुस्तकाची प्रत जाहीरपणे जाळण्यात आली. जवळच्या ओलेथ गावच्या शाळाखात्याने ते वाचनालयांतून काढून टाकले, तेव्हा काही विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले. १९९५ साली संघराज्याच्या न्यायाधीशाने ते परत ठेवण्याचा हुकूम दिला. मुलांनी आपल्या वाचनालयातील प्रेमकथेसाठी दावा लढवावा आणि जिंकावा, हा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच.

याच सुमारास बाजाराने मात्र उलटी वाट धरली. ऐंशीच्या दशकारंभी ‘स्वीट ड्रीम्स’, ‘स्वीट व्हॅली हाय’ अशा मालिकांनी पन्नाशीतील तो गोड पेला पुन्हा भरून दिला. त्यांची जीर्ण पुस्तके आमच्या विद्यार्थिदशेतही दिल्लीत दर्यागंजच्या फुटपाथवर रविवारी ढिगाने मिळत. वाचावयास हलकी, विसरावयास त्याहून हलकी. पण या गोडव्याखाली मूळ प्रवाह आटला नव्हता, याचा पुरावा म्हणजे सेरा डेसन यांची ‘ड्रीमलँड’ (२०००). तिची नायिका केटलिन ज्या मुलावर प्रेम करते तो तिला मारतो, आणि ती ते वळ लांब बाह्यांखाली झाकून ठेवते. हे वाचताना ‘सेव्हन्टीन्थ समर’मधील लॉरेनची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९४२ साली जी व्यथा धाकट्या बहिणीने दारामागून पाहिली, ती आता कथेच्या केंद्रस्थानी आली.

शिक्षा काढून घेतली तर कादंबरीत नीती उरणार नाही, ही भीती किती अनाठायी होती हे येथे ध्यानात येते. नीती उरली, तिचा प्रश्न तेवढा बदलला. पूर्वी ग्रंथकार विचारी, मुलीने काय केले? आता तो विचारतो, तिच्याशी कोण कसे वागले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या पानावर मिळत असे. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक पानावर शोधावे लागते, म्हणून तो अधिक अवघड आहे आणि अधिक नैतिकही आहे.

इतिहास सरळ रेषेत पुढे जात नाही, हे सांगावयास नकोच. ऑगस्ट २०२४ मध्ये यूटा राज्याने तेरा पुस्तकांची यादी काढून ती राज्यातील सर्व सार्वजनिक शाळांतून हटविली. तीत ‘फॉरेव्हर’ होती. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आत, मे २०२५ मध्ये, तिच्यावर आधारलेली दूरचित्रमालिका प्रदर्शित झाली. तीत लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय मुले नायक-नायिका आहेत. पन्नाशी गाठलेल्या पुस्तकाला अजून कोणी तरी भितो आणि अजून कोणी तरी जवळ करतो, हे त्याच्या जिवंतपणाचे लक्षण आहे.

हा सगळा परमुलखातला तंटा आहे, असे म्हणून आपल्याला सुटका करून घेता येईल काय? मराठीत या वयाच्या प्रेमाचे सर्वांत जिव्हाळ्याचे चित्रण मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत आहे. तिचा काळ आणीबाणीचा, म्हणजे ‘फॉरेव्हर’ तिकडे प्रसिद्ध झाली तेव्हाचाच. नववीतल्या जोशीची शिरोडकरविषयीची ओढ वाचताना आपल्यापैकी अनेकांना स्वतःचा वर्ग आठवला. तथापि ती मोठ्यांच्या फळीवर राहिली. आठवण म्हणून मोठ्यांनी वाचली. ज्याला आज ते वय आहे त्याच्या हाती द्यावयाचे पुस्तक म्हणून आपण तिचा क्वचितच विचार केला. आणि त्या वयाच्या खऱ्या मुलामुलींसाठी शेवटचे पान आपल्याकडे पुष्कळदा पोलीस ठाण्यात लिहिले जाते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरा केले. लहानग्यांच्या रक्षणासाठी तो कायदा आवश्यकच होता. पण परस्परांच्या ओढीने घर सोडलेल्या सतरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी फिर्याद दिली म्हणजे त्याच कायद्याखाली तिचा मित्र गजाआड होतो. विधि आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात वय खाली आणू नये असे सांगितले. त्याचबरोबर सोळा ते अठरा वयोगटातील संमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरविताना न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावे, अशी शिफारसही केली. म्हणजे आपल्या देशातही प्रश्न तोच आहे: या वयाच्या प्रेमाचा शेवट शिक्षेतच व्हावयास हवा काय?

कायदा त्याचे उत्तर यथावकाश देईल. परंतु कायद्याला तारतम्य शिकविणारे मन आधी घडावे लागते, आणि ते घडविण्याचे एक साधन गोष्ट हे आहे. प्रेमात पडलेल्या आपल्या मुलीला ठाऊक असलेल्या सर्व गोष्टींत नायिका विहीर जवळ करते वा रेल्वेच्या रुळाखाली सापडते, एवढेच असेल, तर संकटाच्या रात्री तिला तिसरी वाट सुचणार कोठून? तिच्या हाती एखादे असे पुस्तक असावे, ज्यात मुलगी चुकते, रडते, सावरते, आईशी बोलते आणि सकाळी उठून शाळेत जाते. मराठीत असे पुस्तक कोणी लिहील, तर त्याच्या शेवटच्या पानावर आपण मोठ्या माणसांनी कोणता आग्रह धरू नये, एवढे या ऐंशी वर्षांच्या परकीय इतिहासावरून आपल्याला निश्चित शिकता येईल.